खोट्या विमानांची कॅप्टनबाई

कॅप्टनबाई उभ्या आयुष्यात एकदाच विमानात बसल्या होत्या, आणि त्या खेपेलाही अर्ध्या वाटेत त्यांना उलटी झाली. शेजारच्या प्रवाशाने कागदी पिशवी पुढे करत विचारलं, "पहिलाच प्रवास वाटतं?" तोंडाला रुमाल लावून त्यांनी मान हलवली. त्या बिचाऱ्याला काय सांगणार? की मी रोज जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा-बारा विमानं उडवते, त्यातली दोन-तीन वादळातून काढते, आणि साहेबांनी सांगितलं तर एखाद्याचं इंजिनही बंद पाडते?

विमान वाहतूक खात्याचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. विमानतळापासून लांब, गोदामांच्या रांगेच्या शेवटी, बाहेरून शीतगृह वाटावं अशी बिनखिडक्यांची इमारत. विमानांना 'चढा, उतरा, वळा' असं सांगणारे कंट्रोलर तिथे तयार होत, आणि खात्याला एखादी नवी पद्धत सुचली की तीही आधी तिथेच घासूनपुसून बघितली जाई. त्यासाठी एक खोटं आकाश केलेलं होतं. कंट्रोलरच्या पडद्यावर ठिपके सरकत. एक ठिपका म्हणजे एक विमान. पण ठिपका काही बोलत नाही. कंट्रोलरने 'उतरा' म्हटल्यावर 'उतरतो' म्हणणारं आणि बटणं दाबून तो ठिपका खरोखर उतरवणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे भिंतीपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसलेली आठ माणसं. त्यांच्यात सगळ्यांत जुन्या कॅप्टनबाई.

खोट्या विमानांना खऱ्या कंपन्यांची नावं देणं बरं दिसत नाही, म्हणून कुणा जुन्या अधिकाऱ्याने पाखरांची नावं देऊन टाकली होती. बगळा, टिटवी, चंडोल, पारवा. प्रत्येकाच्या टेबलाखाली पायाने दाबायची पट्टी होती. ती दाबली की आपलं बोलणं पलीकडे जाई. टेबलावर एक खुंटी होती, ती फिरवली की आवाज जाड किंवा बारीक होई, म्हणजे एकाच माणसाला चार-पाच विमानांतून बोलता यावं. बाकीचे सात जण खुंटी फिरवून वेळ भागवत. कॅप्टनबाई खुंटीही फिरवत आणि आतला माणूसही बदलत.

बगळा सात हे मालवाहू विमान. ते चालवायचे त्यांचे वडील. वडील प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरत आणि कुणी काही सांगितलं की आधी 'बरं' म्हणत. बगळा सातही तसंच करी. टिटवी दोन म्हणजे वहिनी. गॅसवर दूध ठेवून आल्यासारखं तिचं बोलणं. आणि चंडोल पाचमध्ये बसायची भाची, नुकतीच परीक्षा पास झालेली, आकडे दोनदा म्हणणारी, चुकलं की 'सॉरी, सॉरी' करणारी. वडिलांना जाऊन जमाना झाला होता. भाऊ-वहिनी दुसऱ्या शहरात. भाची तर कुठल्या कुठे. पण कॅप्टनबाईंनी हेडफोन लावला की सगळं घरदार आकाशात गोळा होई.

खात्यात त्या लागल्या होत्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. पुढे टेलिफोन आपले आपण जोडले जाऊ लागले आणि ऑपरेटर बायकांचं काय करायचं, हा प्रश्न पडला. एका साहेबाने विचारलं, "बोलता येतं ना बाई तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "तेवढंच येतं." त्यांना इकडे पाठवलं गेलं. लग्न जमायच्या वयात आईने अंथरूण धरलं होतं, आणि आईला सोबत घेऊन येणारी सून कुणाला नको होती. मग त्या एका गोष्टीतून दुसरी निघत गेली आणि वय उलटलं. आईही गेली. उरल्या दोन खोल्या, एक बाल्कनी आणि समोरच्या इमारतीची पाठ.

संध्याकाळी दार उघडून आत गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन लावेपर्यंत कॅप्टनबाईंच्या तोंडून शब्द निघायचा नाही. म्हणून दिवसातलं पहिलं विमान कायम घोगरं बोलायचं. ऐकलेलं परत म्हणून दाखवायची कामातली सवय मात्र घरापर्यंत आली होती. दुकानदार म्हणे, "कांदे उद्या येतील, सकाळी." की या, "कांदे उद्या, सकाळी." तो म्हणे, "तेच तर म्हणालो." या म्हणत, "बरोबर." दुकानदाराला वाटे, बाईंना कमी ऐकू येतं. तो मग ओरडून बोलू लागला.

भाचीला फोन केला की ती कुजबुजायची, "आत्या, मीटिंगमध्ये आहे गं. मेसेज टाक ना, फोन कशाला?" मग त्या मेसेज टाकत. 'जेवलीस का?' दुसऱ्या दिवशी उलट एक अंगठा यायचा. त्या अंगठ्याचा अर्थ जेवले असा घ्यायचा की वाचलं असा, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

असं असलं तरी रोज त्यांच्याशी नीट बोलणारा एक माणूस होता. भिंतीपलीकडचा.

त्याचं टोपणनाव सावकाशबुवा. नव्या पद्धती तपासताना शिकाऊ पोरांचा उपयोग नसे, मुरलेला कंट्रोलर लागे. त्यासाठी खात्याने त्यांना या केंद्रात आणून बसवलं होतं. विमान कितीही घाईत असो, सूचना देऊन झाली की ते शेवटी म्हणत, "सावकाश." नियमाच्या भाषेत हा शब्द नव्हता. साहेबलोकांनी दोन-तीनदा टोकलंही. बुवा 'हो' म्हणाले आणि म्हणत राहिले. बगळा सात खाकरला की ते विचारत, "कॅप्टन, औषध घेतलं का?" चंडोल पाच अडखळली की म्हणत, "आकडा एकदाच सांगा, मला पाठ आहे." कॅप्टनबाईंच्या घशात तेव्हा वडील असत नाहीतर भाची असे, पण ऐकणारा कान त्यांचा स्वतःचा असे.

या दोघांची कधी गाठ पडली नव्हती. केंद्राचा नियमच तसा. ओळखीचे लोक एकमेकांना सांभाळून घेतात, मग चाचणीला अर्थ राहत नाही. म्हणून वैमानिकांची खोली या अंगाला आणि कंट्रोलरांची त्या अंगाला. दारं वेगळी, जेवायच्या वेळा वेगळ्या. किती माणसं किती विमानांतून बोलतात, हेही कंट्रोलरांना कळू देत नसत. कंट्रोलरांना न्यायला-आणायला खात्याची गाडी, आणि वैमानिकांना फाटकाबाहेरचा बसथांबा. खोलीतला सगळ्यांत बडबड्या माणूस, ज्याला सगळे गप्पू म्हणत, तो म्हणे, "कॅप्टनबाई, तुमचं नि बुवांचं हे असंच चालायचं. तुम्ही आकाशात, ते जमिनीवर." कॅप्टनबाई म्हणत, "तुझ्या विमानाकडे बघ. डोंगरात चाललंय."

मग खात्याने योजना आणली.

योजना एकट्या खात्याची नव्हती. खात्याचे अधिकारी, विमान कंपन्या, रडार बनवणारे कारखानदार, विमानतळांचे चालक, सगळ्यांचं मिळून एक संयुक्त मंडळ झालं होतं. देशाची सगळी विमान वाहतूकच नव्याने मांडायची. विमानं उपग्रहांवर बघून सरळ वाटेने जातील, इंधन वाचेल, तेवढ्याच आकाशात जास्त विमानं मावतील. आणि बोलणं कमी होईल. कंट्रोलर सूचना टाइप करेल, ती वैमानिकाच्या पडद्यावर उमटेल, वैमानिक 'मान्य' हे बटण दाबेल. बोलण्याच्या गर्दीत सूचना हरवतात, एकमेकांवर आदळतात, हे कॅप्टनबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते रोज ऐकलं होतं. योजना चांगलीच होती. वाईट एवढंच की ती चांगली होती.

चाचण्या सुरू झाल्या. एक दिवस बोलून, एक दिवस न बोलता, आणि मग दोन्हींची तुलना. न बोलायच्या दिवशी खोलीत आठ माणसं आणि बटणांची टिकटिक. पडद्यावर ओळ उमटे, 'टिटवी २, डावीकडे वळा.' मान्य. 'बगळा ७, उतरा.' मान्य. बगळा सातला खाकरायला जागा नव्हती.

चाचण्या बघणाऱ्या प्रकल्प अधिकारी बाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, एका सकाळी आठही जणांना बोलावून सरळ सांगितलं. "नव्या इमारतीत आठ माणसं लागणार नाहीत. दोन पुरतील. या चाचण्यांत ज्यांचं काम सगळ्यांत स्वच्छ दिसेल, ते दोघं. बाकीच्यांना खातं दुसरीकडे सामावून घेईल. आधीच सांगितलेलं बरं."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" गप्पूने विचारलं.

"जिथे जागा असेल तिथे. मुख्य कार्यालयात टायपिंगला माणसं हवी आहेत."

कॅप्टनबाईंनी त्या दिवशी घरी जाऊन दिवा लावला आणि पहिल्यांदा आपल्या दोन खोल्यांकडे हिशेबाने पाहिलं. पगाराची काळजी नव्हती, टायपिंगलाही तोच पगार. पण तिकडे दिवसभर कुणी बोलणार नाही आणि इकडेही नाही, मग आपला आवाज जाणार कुठे? नव्या इमारतीत बोलणं कमी होणार असलं तरी पुरतं बंद होणार नव्हतं. वादळात, बिघाडात, आणीबाणीत तिथे आवाज लागणारच होता. त्या दोनांतली एक खुर्ची त्यांना हवी होती. इतकी हवी होती की त्यांनी बोटांना शिस्त लावली. बसमध्ये मांडीवर बटणं मांडून सराव केला. दोन आठवड्यांत त्यांचं 'मान्य' खोलीत सगळ्यांत आधी वाजू लागलं.

"काय हे कॅप्टनबाई," गप्पू म्हणाला, "आम्ही वाचायच्या आत तुम्ही मान्य? पुढल्या जन्मी मला तुमच्यासारखी बायको मिळो."

"तुझी आत्ताची काय म्हणते?"

"अमान्य म्हणते. रोज."

मॅडमनी एकदा जाता जाता त्यांच्या खुर्चीमागे थांबून म्हटलं, "ताई, तुमचं उत्तम चाललंय. असंच ठेवा." एवढं बोलणं पुरेसं होतं. खुर्ची जवळजवळ मिळाल्यात जमा होती.

आणि मग गप्पूने ती बातमी आणली. त्याच्या बातम्या नेहमी अर्ध्या खऱ्या असत, ही पुरी निघाली. येत्या मोठ्या चाचणीनंतर सावकाशबुवांना निरोप. वय झालं. त्या संध्याकाळी त्यांचा पास जमा होणार.

"पण खरी गोष्ट ऐका," गप्पू खुर्ची ओढून म्हणाला. "खऱ्या केंद्रावर कंट्रोलरची शेवटची पाळी असली ना, की ती बातमी पसरते. त्याच्या भागातून जाणारी विमानं जाता जाता दोन शब्द बोलतात. येतो साहेब, सांभाळलंत आम्हाला, असं काहीतरी. नियमात नाही हे, पण साहेबलोक तेवढ्यापुरते बहिरे होतात. बुवांना तेसुद्धा मिळालं नाही. वार्षिक तपासणीला गेले आणि डॉक्टरांना त्यांच्या हृदयाचे ठोके पसंत पडले नाहीत. परत आले तर खुर्चीत दुसरा माणूस. डबा उचलला आणि घरी. मग खात्याने इकडे आणून बसवलं. म्हणजे बघा, इतकी वर्षं विमानं हाकली, आणि एक विमान 'येतो' म्हणालं नाही."

जेवणाच्या सुट्टीत कॅप्टनबाई मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम उभ्या उभ्या सफरचंद खात होत्या.

"मोठ्या चाचणीच्या शेवटी एक मिनिट बोलू द्याल का?"

"कुणाला?"

"विमानांना."

मॅडमनी सफरचंद खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "ताई, मला कळतंय. पण ती पूर्ण न बोलता करायची चाचणी आहे. सगळं मंडळ वर गॅलरीत बसणार. एक शब्द गेला तरी ती चाचणी बाद धरावी लागेल. परत सगळ्यांना बोलवायचं, परत सगळं मांडायचं. माझ्या हातात नाही हो."

"संपल्यावर भेटून बोललं तर?"

"उरलेल्या चाचण्या व्हायच्यात अजून. तुमची नि कंट्रोलरांची भेट तोवर नाही म्हणजे नाही. मेसेज पाठवा ना. मोकळी ओळ असते की त्यात."

कॅप्टनबाईंनी परत येऊन मोकळी ओळ उघडून पाहिली. तयार वाक्यांच्या यादीत चढणं होतं, उतरणं होतं, वळणं होतं, इंधन कमी आहे हेही होतं. त्यांनी मोकळ्या ओळीत लिहिलं, 'शुभेच्छा.' ते बगळा सातचं वाटेना. मग आधी लिहिलं, 'बरं.' ते तर कुणाचंच वाटेना. दोन्ही पुसून टाकलं.

गप्पू मान लांबवून बघत होता. "निरोपाचं बटण ठेवलं नाही यात," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "बाई, डोक्यात काही आणू नका हं. तुमची खुर्ची पक्की आहे. माझी नाहीये, तरी मी गप्प बसणार आहे."

मोठ्या चाचणीच्या दिवशी खोली आधीच थंड, त्यात आणखी थंड केलेली. वर काचेमागे मंडळ बसलं होतं. खात्याची माणसं कोटात, कारखान्याची माणसं बिनकोटाची. यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस हातात घड्याळ घेऊन मॅडमच्या शेजारी उभा होता. इशारा झाला आणि खोटं आकाश भरू लागलं. इतकी विमानं त्या पडद्यावर कधी आली नव्हती. ओळी पडत होत्या, बटणं वाजत होती. कॅप्टनबाईंची बोटं आपली आपण चालत होती आणि त्यांचं मन रिकामं होतं. आपण बोलणार नाही, हे त्यांनी घरून ठरवून आणलं होतं.

दुपार कलली तशी गर्दी ओसरू लागली. विमानं बुवांच्या भागाच्या कडेला पोचत होती, पुढच्या कंट्रोलरच्या फ्रिक्वेन्सीवर सोपवली जात होती. तेवढ्यात टिटवी दोनला ओळ आली. 'टिटवी २, उजवीकडे वळा.' आणि त्याखाली, मोकळ्या ओळीत, 'सावकाश.'

वर काचेमागे हालचाल झाली. कंपनीचा माणूस पुढे वाकला. हा शब्द यादीत नव्हता. कॅप्टनबाई त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. बाकीच्या अक्षरांसारखीच ती अक्षरं, त्याच उंचीची, त्याच रंगाची. त्यांनी ती मनात म्हणून बघितली, पण म्हणणारा आवाज त्यांचाच निघाला. बुवांचा आवाज त्यांना आठवेना. रोज ऐकलेला आवाज, मोठ्या चाचणीच्या तयारीत काही दिवस न ऐकल्याने जावा कसा? त्या घाबरल्या. त्यांनी 'मान्य' दाबलं. पुढची ओळ आली. 'बगळा ७, पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जा.'

त्यांचा पाय पट्टीवर गेला, खुंटी फिरली, आणि बगळा सात खाकरला.

"बरं. बगळा सात. तुमच्या भागातून शेवटचं चाललोय, साहेब. आजवर सांभाळलंत. औषध वेळेवर घेतोय. येतो."

खोलीतली टिकटिक थांबली. गप्पूने मान वळवली नाही, तो आपल्या पडद्याकडे एकटक बघत राहिला. हेडफोनमध्ये इतका वेळ नुसती खरखर होती की कॅप्टनबाईंना वाटलं, पलीकडचं बोलणंच तोडून टाकलेलं असणार. मग तो आवाज आला.

"बगळा सात, पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जा." आणि थांबून, "सावकाश, कॅप्टन."

आता मागे फिरायला जागा नव्हती. टिटवी दोन एका श्वासात म्हणाली की मला उशीर झालाय, पण तुम्ही कधी रागावला नाहीत हे सांगितल्याशिवाय जाणार नाही, येते हो. बुवा म्हणाले, "टिटवी दोन, सावकाश." चंडोल पाच म्हणाली, "चंडोल पाच... चंडोल पाच. सॉरी. मला पहिल्यांदा तुम्हीच उतरवलं होतं." बुवा म्हणाले, "आठवतंय. आकडा एकदाच सांगितला होतात त्या दिवशी." ते नियमाने एकेका विमानाला पुढे सोपवत होते.

राहिला पारवा एक. त्या विमानाला कॅप्टनबाईंनी कधी माणूस दिला नव्हता. वडील झाले, वहिनी झाली, भाची झाली. घरातलं कुणी शिल्लक नव्हतं. मागे दार उघडल्याचा आवाज आला. त्यांनी खुंटी मधोमध आणली, जिथे ती काहीच करत नाही, आणि पाय दाबला.

"पारवा एक. तुम्ही बोलायचात, ते मला फार बरं वाटायचं."

"पारवा एक," बुवा म्हणाले, "पुढे जा."

मॅडम खोलीत उभ्या होत्या. त्यांच्या मागे कंपनीचा माणूस. "कोण बोललं?" असं मॅडमनी विचारलं खरं, पण त्या कॅप्टनबाईंकडेच बघत होत्या. कॅप्टनबाईंनी शाळेत करतात तसा हात वर केला.

"सगळी विमानं?"

"चारही."

कंपनीचा माणूस म्हणाला, "उद्या दुसरा कंट्रोलर बसवून परत घ्यावी लागेल. वरची मंडळी थांबतील की नाही देव जाणे. पहिली अट कुठली होती? बोलायचं नाही. एवढं सोपं होतं हो." तो चिडलेला होता आणि त्याचं बरोबर होतं. महिनोन् महिने खपून त्याने ते उभं केलं होतं. कॅप्टनबाई त्याला म्हणाल्या, "हो, सोपं होतं."

मॅडमनी त्यांना बाहेर नेलं. मॅडमचे डोळे लाल दिसत होते, ते रागाने की कशाने, समजत नव्हतं. "ताई, मी तुमचं नाव वर पाठवून ठेवलं होतं. आता मला ते मागे घ्यावं लागेल. सोमवारपासून मुख्य कार्यालयात जा. टायपिंगला."

"सोमवारपासून मुख्य कार्यालय, टायपिंग," कॅप्टनबाई म्हणाल्या.

"हो."

"बरोबर."

त्यांनी हेडफोनला घातलेली स्वतःची कापडी खोळ काढून पिशवीत टाकली. गप्पू जागेवरून उठला. त्याने त्यांची पाण्याची बाटली भरून दिली.

बसथांब्यावर त्या एकट्याच होत्या. गोदामांची शटरं पडत होती. थोड्या वेळाने फाटकातून एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस बाहेर आला. हातात डबा, शर्टाच्या खिशावर पासाचा मोकळा चिमटा. पास जमा झाला तशी खात्याची गाडीही बंद झाली असावी. तो थांब्याच्या पाटीकडे अनोळखी माणसासारखा बघत राहिला.

"इथून स्टेशनकडे जाणारी बस मिळेल ना हो?"

पहिल्याच शब्दाला कॅप्टनबाईंच्या हातातली पिशवी घसरली. उंच, खांद्यात वाकलेला माणूस त्यांनी मनात धरला होता. आवाज मात्र तोच, फक्त खरखरीशिवायचा. त्यांनी मान हलवली.

"वर्षानुवर्षं इथे येतोय आणि बस कुठे थांबते ते माहीत नाही बघा," बुवा हसून म्हणाले. ते बोलायला नुसते उतावीळ झाले होते. कुणीही चाललं असतं. "आज शेवटचा दिवस होता माझा. काय झालं सांगू? माणसांनी निरोप दिला मला. वैमानिकांनी. बोलायची बंदी होती, तरी. चार विमानं बोलली. म्हणजे निदान चार माणसं. बाकीच्यांना कुणीतरी अडवलं असणार, नाहीतर तीही बोलली असती. एक म्हातारा कॅप्टन आहे, खोकतो फार. एक बाई आहे, सदा घाईत. आणि एक पोरगी. कोण कोण आहेत ते मॅडम सांगेनात. चार माणसांनी नोकरीची पर्वा केली नाही हो माझ्यासाठी."

कॅप्टनबाईंनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य म्हटलं की म्हातारा कॅप्टन जाणार, ती घाईतली बाई जाणार, पोरगी जाणार, आणि या माणसाच्या निरोपाला उरणार बसथांब्यावरची एक बाई.

"चौथं कोण?" त्यांनी विचारलं.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. पण त्या पाहण्यात ओळख नव्हती, आठवायची धडपड होती.

"चौथं कोण कुणास ठाऊक. कधी ऐकलेला आवाज नव्हता. वैमानिकासारखा वाटला नाही मला. कुणीतरी घरातून बोलावं तसा. नवीन असेल बिचारी." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं. सुचलं नाही." मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "तुम्ही इथेच असता का?"

"हो."

"कशात?"

"टायपिंग."

"अच्छा. मग तुमचा आमचा संबंध यायचा नाही," बुवा आपुलकीने म्हणाले, "पण ऐकून घेतलंत, बरं वाटलं."

स्टेशनची बस आली. बुवा डबा सांभाळत चढले आणि पलीकडच्या बाजूला, कुणा प्रवाशाशेजारी जाऊन बसले. बस सुटायच्या आत त्यांनी त्या माणसाकडे वळून बोलायला सुरुवात केलेली काचेतून दिसली. त्याला ते हाताची चार बोटं दाखवत होते.

कॅप्टनबाईंची बस उलट्या दिशेची होती. ती अजून यायची होती.